कानाजवळचा डबा

आमच्या घरचा टीव्ही फार मोठ्याने वाजायचा. हे मी आधीच सांगून टाकते, कारण हे सांगायला आमच्या गल्लीत बरेच जण तयार असतात आणि सांगताना बाकीचं सोयीने गाळतात. बाकीचं एवढंच, की माझ्या बाबांना नीट ऐकू येत नाही. आणि ते का येत नाही, हे गोंदियात राहणाऱ्या माणसाने मला विचारू नये. बाबा जवानीपासून म्हातारपणापर्यंत राईस मिलमध्ये हॉलरच्या बाजूला उभे राहिले. मशीन धानाचं टरफल काढत होती आणि त्यांचे कानही सोलत होती. मालकाने कानात घालायला कधी काही दिलं नाही. कापसाचा बोळा घाला, दुपट्टा गुंडाळा, एवढाच सल्ला मिळायचा, आणि दुपट्टासुद्धा ज्याचा त्यानेच आणायचा.

मी मिल कामगारांसाठी पत्रकं लिहिते. त्यातल्या एकात मी लिहिलं होतं, 'पोत्यावर तांदळाची जात छापता, तो तांदूळ काढताना कुणाचे कान गेले तेही छापा.' मला ते वाक्य फार आवडलं होतं. बाबांना वाचून दाखवलं तर ते म्हणाले, "पोत्यावरचं वाचते कोण? जो पोतं उचलते त्याच्या पाठीवर असते ते." मी वाक्य बदललं. माझं प्रत्येक पत्रक छापायला जाण्याआधी बाबांच्या समोरून जायचं. ते चौथीपर्यंत शिकलेले. मी वाचायची, ते डोळे मिटून ऐकायचे आणि जिथे मी उगाच फुगायची तिथे नेमका हात वर करायचे. टीव्हीवरच्या बातम्याही ते तशाच ऐकायचे. बोलणाऱ्याला मध्येच तोडायचे, त्याला खोटं पाडायचे, आईला साक्षीला बोलवायचे.

मग त्यांनी हात वर करणं सोडलं. मी वाचायची, ते मान डोलवायचे. "बरं आहे," म्हणायचे. मी एकदा मुद्दाम मधला एक परिच्छेद उलटसुलट वाचला. तेव्हाही मान डोलली आणि तेव्हाही ते "बरं आहे" म्हणाले. टीव्हीसमोरही तसंच व्हायला लागलं. ज्या माणसाला आख्खी मिल गप्प करू शकली नव्हती, तो आता कुणीही काहीही बोललं तरी होकार देत होता. मला त्या डोलणाऱ्या मानेचा राग यायचा. बाबांचा राग नव्हता तो, ज्यांनी ती मान तशी केली त्यांचा होता. आणि ते माझ्या हाताशी नव्हते, म्हणून मी टीव्हीचा आवाज वाढवायची.

कानाचं यंत्र लावून पाहिलं होतं. एका शिबिरात मिळालं. त्यातून पंख्याची घरघर, चमच्याचा आवाज, आईच्या बांगड्या, सगळं सारखंच कानात घुसायचं, आणि मध्येच शिट्टी वाजायची. बाबांनी ते दोनचार वेळा घातलं, मग काढून ठेवलं. त्यांच्यावर जबरदस्ती कशाला करायची?

फुलचूरच्या आमच्या घराची एक भिंत शेजारच्या काकांच्या घराला लागून आहे. काकांची गावाकडे भरपूर बांधी आहेत, म्हणजे धानाची शेतं, आणि ते मुलाच्या नोकरीमुळे इथे येऊन राहिलेत. माणूस तसा वाईट नाही. पण इतक्या वर्षांत तो आमच्या फाटकाच्या आत आला नाही. जे काही असेल ते फाटकावर. चिठ्ठी असो, लग्नाची पत्रिका असो, तक्रार असो. एके संध्याकाळी ते तिथेच उभे राहून मला म्हणाले, "तुमच्याकडे रोजच जयंती असते का?"

मी म्हटलं, "हो काका, रोज असते. आत या, चहा घ्या."

ते आत आले नाहीत. मी त्यांना हेही ऐकवलं, की तुमच्या पुतण्याच्या लग्नात डीजे लागला तेव्हा आमच्या शेल्फवरची भांडी खाली आली होती, आणि तेव्हा मी तुमच्या फाटकावर आली नव्हती. ते म्हणाले, "ते लग्न होतं." मी म्हटलं, "हा माझा बाप आहे." ते गेले. आई मागून म्हणाली, कायले भांडून राहिली? राहायचं तर इथेच आहे ना. मी म्हटलं, राहायचं आहे म्हणूनच.

पण आवाज वाढवून काम होत नव्हतं, हे मलाही दिसत होतं. आजकालचे टीव्ही पाटीसारखे सपाट, त्यांचा आवाज मागच्या बाजूने भिंतीत जातो. म्हणून आम्ही टीव्ही आमच्या जुन्या एम्प्लिफायरला जोडला होता. कुणीतरी बाजारात सुटे भाग लावून बनवलेला, दणकट, आणि त्याच्या एका बाजूला स्पीकरचा एक मोठा डबा. दुसऱ्या बाजूचा स्पीकर कधीच जळून गेला होता, ती बाजू रिकामीच होती. तिथे आणखी एक स्पीकर जोडायचा असं मी ठरवलं आणि गोंदियाच्या बाजारात गेले. दुकानदाराला सांगितलं, की वडिलांना ऐकू येत नाही, आवाज सुधारायचा आहे. त्याने पूर्ण ऐकूनही घेतलं नाही. "बेस चाहिए ना मॅडम? ये ले जाओ और मटके में डाल दो. पूरा मोहल्ला सुनेगा." मोहल्ल्याने ऐकावं ही कल्पना मला त्या दिवशी वाईट वाटली नाही, हेही सांगून ठेवते.

मटक्याची युक्ती आमच्याकडे सगळ्यांना माहीत आहे. आवाज चांगला करायचा म्हणजे तो जड करायचा. माठ घ्यायचा, त्याच्या तोंडावर स्पीकर पालथा बसवायचा, की आवाज माठात घुमून पोटातून येतो. पोरं ट्रॅक्टरवर लावतात, मंडपात लावतात, पानठेल्यावर लावतात. ज्याच्या आवाजाने छातीत ढमढम होते तो डबा भारी, अशी आमच्या जिल्ह्याची समजूत आहे. मीही आईचा उन्हाळ्यातला जुना माठ घेतला, त्यावर स्पीकर बसवला, लाल वायर लाल खिटीत, काळी काळीत, आणि बातम्या लावल्या. बातम्या देणारी बाई विहिरीतून बोलल्यासारखी बोलायला लागली. भिंत थरथरली. आईने पोळीचं लाटणं हातात धरूनच बाहेर येऊन पाहिलं.

मी बाबांकडे पाहिलं. ते माठाकडे बघून म्हणाले, "ढमढम येऊन राहिली. थे बाई काय बोलून राहिली थे नाही येत."

मी तरी तो माठ काढला नाही. काढला असता तर काकांना वाटलं असतं, की ते जिंकले. त्या आठवड्यात ते पुन्हा फाटकावर आले. या वेळी त्यांनी जयंतीचं नाव काढलं नाही, फक्त भिंतीवरचा फोटो हलतो म्हणाले. मी त्यांना विचारलं, फोटो हलतो ते तुम्हाला दिसते, बसून बसून मुका होत चाललेला माणूस दिसत नाही का? ते म्हणाले, दवाखान्यात न्या. सगळ्यांना हेच सुचते. ज्या मिलमध्ये कान गेले तिचं नाव कुणी काढत नाही. दवाखान्यात न्या.

उत्तर आलं ते केशोरीहून, आणि आणणाऱ्याला आपण उत्तर आणलंय हेही माहीत नव्हतं. बाबांसोबत मिलमध्ये पोती वाहणारा त्यांचा जुना मित्र काही कामाने गोंदियाला आला होता. मिल सोडल्यावर तो केशोरीला धानाच्या कामावर गेला होता. दुपारी जेवायला आमच्याकडे आला. मी स्वयंपाकघरात होते. बाहेर माठ बंद होता, आणि मला दोघांच्या हसण्याचा आवाज आला. बाबा हसत होते. कुणाच्या तरी गोष्टीवर, नेमक्या जागी, नेमक्या वेळी हसत होते.

मी दारात जाऊन पाहिलं. दोघं बाजेवर बाजूबाजूला बसले होते. मित्र बाबांच्या कानाशी तोंड नेऊन बोलत होता. अगदी हळू. मी तीन पावलांवर असून मला एक शब्द कळत नव्हता. मग बाबा त्याच्या कानाशी तोंड नेत आणि तसेच हळू बोलत. दोन म्हातारे चोरीचा बेत करत असल्यासारखे. मी इतके दिवस ओरडून ओरडून घसा बसवून घेतला होता आणि इथे कुजबुजीत सगळं चाललं होतं.

जेवताना मी विचारलं. मित्र म्हणाला, मिलमध्ये सगळे असेच बोलायचे. मशीनवर ओरडून काय होणार? ओरडलं की मशीन आणि माणूस दोन्ही एकत्रच येतात कानात. म्हणून ज्याला काही सांगायचं त्याने चालत जायचं, कानाशी तोंड न्यायचं आणि साध्या आवाजात सांगायचं. मुकादम शिवीसुद्धा कानात येऊन द्यायचा. बाबा म्हणाले, "दुरून देलेली शिवी आमी मोजतच नवतो." त्यावर दोघं पुन्हा हसले.

तो गेल्यावर मी माठ उचलून मोरीजवळ ठेवला. स्पीकर त्यातून काढला. लांब वायर घेतली, ती चौकटीवरून खिळे ठोकत ठोकत बाबांच्या खुर्चीपर्यंत आणली. खुर्चीच्या मागे भिंतीत एक फळी ठोकली आणि तिच्यावर स्पीकर ठेवला, तोंड सरळ बाबांच्या उजव्या कानाकडे. त्यांचा उजवा कान जरा बरा आहे, हॉलरच्या विरुद्ध बाजूला असायचा तो. मग एम्प्लिफायरचं जे बटण आवाज डावी-उजवीकडे वाटते ते पूर्ण या नव्या स्पीकरकडे फिरवलं. मोठा डबा गप्प झाला. बेस शून्यावर आणला, ट्रेबल, म्हणजे बारीक आवाज, पूर्ण वाढवली. आणि मग एकूण आवाज कमी केला, इतका कमी की आई म्हणाली, "चालू आहे का हा?"

आम्हाला तो आवाज अगदीच पत्र्यासारखा वाटला. किरकिरा, चिरका, कुठल्याही पानठेल्यावर कुणी एक मिनिट लावू दिला नसता असा. टीव्हीवर धान खरेदीवर चर्चा चालू होती. कुणीतरी पांढऱ्या सदऱ्यातला माणूस सांगत होता, की या वर्षी एकाही शेतकऱ्याला केंद्रावर ताटकळावं लागलं नाही. बाबा नेहमीसारखे बसले होते. मी त्यांच्या मानेकडे बघत होते. ती डोलली नाही.

बाबांचा हात वर गेला. "खोटं बोलून राहिला हा," ते म्हणाले. आणि स्वयंपाकघराकडे वळून आईला, "आयकलं का? म्हणते, कोणी ताटकळला नाही."

आई आली आणि दारात बसली. तिने साक्ष दिली.

इथे हे संपायला पाहिजे होतं, पण आमच्या गल्लीत कुठलीही गोष्ट चांगली संपू देत नाहीत. चार दिवसांनी किराणा दुकानात मला कळलं, की काका सांगत फिरतायत, समजावून सांगितलं की त्या लोकांना समजते, आता बघा कसे शांत झाले. त्या लोकांना. डोकं सटकलं माझं. घरी येऊन मी सरळ एम्प्लिफायरकडे गेले. माठ पुन्हा लावते म्हटलं, मोठा डबा पण लावते, बघू कोण शांत झालं ते.

बाबांनी माझा हात बटणावरून उचलला. "हात नको लावू. मले आयकू येऊन राहिलं," ते म्हणाले. मी त्यांच्या कानाशी म्हटलं, काकांना वाटते आपण त्यांना घाबरलो. बाबा म्हणाले, "त्याले वाटू दे. मी बातम्या आयकून राहिलो."

मी बटण सोडलं. पण काकांना सोडलं नाही. त्यांच्या फाटकावर गेले, फाटकावरच उभी राहिले आणि सांगितलं, की आवाज तुमच्यासाठी कमी केलेला नाही. तुमच्यासाठी तो कधीच कमी झाला नसता. ते म्हणाले, कमी झाला ना, कारण काही असो. मी म्हटलं, कारण 'काही' नाही, कारण माझा बाप आहे, आणि दुकानात सांगायचं असेल तर तसं सांगा.

आता टीव्हीचा आवाज भिंतीपलीकडे जात नाही. पण बाबांना शब्द कळायला लागल्यापासून ते टीव्हीशी भांडतात, आणि टीव्हीतल्या माणसाच्या कानाशी तोंड नेता येत नाही म्हणून ते भांडण ओरडून करतात, आणि रागात स्वतःचा आवाज किती चढला ते त्यांना कळत नाही. एका संध्याकाळी बाबा पांढऱ्या सदऱ्यातल्या दुसऱ्या कुणावर तरी तुटून पडले होते, तेव्हा काका फाटकावर आले. मला न बघता सरळ बाबांनाच म्हणाले, "भाऊ, टीव्हीचं ठीक आहे, पण तुमचा आवाज..."

बाबांनी कानाला हात लावला. मग हाताने जवळची प्लास्टिकची खुर्ची दाखवली. "तिथून मले आयकू येत नाही. बोलायचं असन तर आत या, इथं बसा, कानाजवळ बोला."

त्यात टोमणा नव्हता. बाबांना खरंच तसंच ऐकू येते. काका फाटकाच्या कडीवर हात ठेवून उभे राहिले. आमच्या ओट्याकडे पाहिलं, खुर्चीकडे पाहिलं. बाबा वाट बघत होते, मान पुढे करून, उजवा कान त्यांच्या बाजूला. "राहू द्या, भाऊ," काका म्हणाले आणि वळले.

"काय म्हणे तो?" बाबांनी मला विचारलं. मी खुर्चीजवळ गेले आणि त्यांच्या कानाशी तोंड नेऊन साध्या आवाजात सांगितलं, की तुम्ही फार मोठ्याने बोलता म्हणे.

"मग?" बाबा म्हणाले, तितक्याच मोठ्याने, आणि टीव्हीकडे वळले. तिथे तो माणूस अजून बोलत होता.