मी वाचून दाखवलेली यादी

बत्तीस वर्षांच्या नोकरीतली पुष्कळ प्रकरणं आता एकमेकांत मिसळून गेली आहेत. कोणता पंच कोणत्या गुन्ह्यातला, हेही कधी कधी आठवत नाही. हे एक प्रकरण मात्र जसंच्या तसं डोक्यात बसलं आहे. यात खून नाही, दरोडा नाही, आणि मला शाबासकी मिळावी असं तर काहीच नाही. नावं कुणाचीच देत नाही. त्यातली बरीच माणसं हयात आहेत आणि त्यांच्या वाट्याला जे यायचं ते येऊन गेलं आहे.

तेव्हा मी बीड जिल्ह्यातल्या एका ग्रामीण ठाण्याचा प्रभारी होतो, सहायक पोलीस निरीक्षक. हद्दीत एक महाविद्यालय होतं. इमारत साधीच, पण मुलींचा कबड्डी संघ नावाजलेला. खेळाच्या मास्तरांनी मुरमाच्या मैदानावर तो उभा केला होता. त्या वर्षी संघाला ईशान्येकडच्या एका राज्यातून स्पर्धेचं आमंत्रण आलं. आमच्या पोरी विमानानं जातील, असं संस्थेच्या अध्यक्षांनी जाहीर केलं. निघायच्या दिवशी बँड लावला होता. बंदोबस्ताला मी स्वतः होतो. बारा मुली, मास्तर आणि एक बाई शिक्षिका. मुलींनी तोंडाला रुमाल बांधले होते, धुळीमुळे आमच्याकडे सगळ्याच बांधतात. मी कुणाचाही चेहरा धड पाहिला नाही.

शेवटचा टप्पा छोट्या विमानाचा होता. ते धुक्यात डोंगरावर आदळलं. कुणीही वाचलं नाही.

पुढचे दिवस कसे गेले ते सांगता येत नाही. पंचनामे, शवविच्छेदन सगळं तिकडच्या पोलिसांनी केलं. महाविद्यालयाचे प्राचार्य प्रत्येक घरातल्या एका माणसाला घेऊन तिकडे गेले. काहींची ओळख रक्ताच्या नमुन्यावरून पटवावी लागली, काही चेहऱ्यावरून ओळखू आल्या. पेट्या संभाजीनगरच्या विमानतळावर आल्या आणि तिथून रुग्णवाहिकांनी गावोगाव गेल्या. आमच्या हद्दीत तीन दिवसांत सात अंत्यविधी झाले. सातही ठिकाणी मी उभा होतो. चौकाचौकात बारा मुलींच्या फोटोंचे फलक लागले.

त्यानंतर आठवड्याभरानं एक बाई ठाण्यात आली. शिरूर कासारच्या बाजूला आमच्या हद्दीची शेवटची वस्ती आहे, तिथली. मेंढपाळाचं घर. नवरा मेंढरं घेऊन गोदावरीच्या अंगाला चरायला गेलेला. ती चालत, मग जीपनं, मग पुन्हा चालत आली होती. ठाणे अंमलदारानं तिला माझ्याकडे पाठवलं.

"साहेब, माझी पोरगी आजून आली न्हाई. खेळायला जाते म्हून गेलती. आठ दिसांत येते म्हनली."

"कोणत्या कॉलेजात आहे?"

"कालेज सोडलं तिनं. लई दिस झाले."

"मग कोणाबरोबर गेली?"

"न्हाई सांगितलं. म्हनली, कुनाला बोलू नको."

पोलिसाच्या कानाला हे वाक्य ओळखीचं असतं. वीस वर्षांची मुलगी, शिक्षण सोडलेलं, कुणाला सांगू नको म्हणून गेलेली. मी मनात प्रकरण तिथंच मिटवलं. मोबाइल? घरी एकच साधा फोन, तो आईकडे. गावातला कुणी पोरगा गायब आहे का? नाही. मी मिसिंग रजिस्टरला नोंद घ्यायला सांगितली आणि सही केली.

बाई उठली नाही. पदराचं टोक बोटाला गुंडाळत म्हणाली, "लोक म्हनतेत इमान पडलं. पोरी होत्या त्यात. माझी तर नसंल ना साहेब?"

यादी टेबलावर काचेखालीच होती. मी ती काढली आणि बाराही नावं तिला वाचून दाखवली. एकेक नाव, गावासकट. तिला वाचता येत नव्हतं म्हणून सावकाश वाचली. शेवटी म्हणालो, "मावशी, तुमची मुलगी यात नाही. या सगळ्यांना त्यांच्या आईबापांनी ओळखलंय. घोर करू नका. तुमची येईल परत."

तिचा चेहरा मोकळा झाला. तिनं मला हात जोडले. "देवावानी सांगितलं बगा," म्हणाली आणि गेली. त्या आठवड्यात मी कुणाला तरी बरी बातमी दिली, याचं मलाही समाधान वाटलं होतं.

आठ-नऊ दिवसांनी मला एक फोन आला. मी पूर्वी माजलगावला नेमणुकीस असताना ओळखीचा झालेला एक दूध गोळा करणारा माणूस होता. बदली झाली तरी अशी माणसं सुटत नाहीत आणि सोडूही नयेत.

"साहेब, हसू नका," तो म्हणाला. "चौकातल्या फोटोतली एक पोरगी मला रोज सकाळी दूध घालती."

"दारू पिलास का बे?"

"आईची आन. धरणाखालच्या वस्तीवर, उसाच्या मळ्यात. तिच्या मामाचं घर हाय. लंगडत चालती. मला बघितलं की तोंड झाकती."

दुसऱ्या दिवशी साध्या कपड्यात मी आणि एक महिला शिपाई तिथं गेलो. मुलगी गोठ्यात शेण काढत होती. आम्हाला पाहून तिनं हातातली पाटी खाली ठेवली आणि भिंतीला टेकून बसली. पळाली नाही. गुडघ्याला पट्टा बांधलेला होता. जिच्या चितेसमोर मी टोपी काढून उभा राहिलो होतो, ती ही मुलगी. यादीत सहाव्या क्रमांकाला तिचं नाव होतं.

तिच्या बापाला ठाण्यात आणलं. पन्नाशीचा शेतकरी माणूस. मदतीच्या रकमेसाठी यानं हे केलं, असं मी गृहीत धरलं होतं. मी त्याला अरेतुरेनं सुरुवात केली, टेबलावर हात आपटला. हवालदारानं चहा ठेवला, तो त्यानं घेतला नाही. अर्ज तपासले तेव्हा कळलं, त्यानं मदतीचा अर्जच केलेला नव्हता. मग मी आवाज खाली आणला.

"तिथं पेटीत कोण होतं?"

"म्हाईत न्हाई साहेब."

"माहीत नाही आणि ओळखलं?"

तो तेव्हा बोलला. "प्राचार्य शेजारी हुते. आत जायच्या आधी म्हनले, तुमी न्हाई म्हनलात तर समद्याच मयती आडकतील. बाकीच्या अकरा घरांनी काय करायचं? मी आत गेलो. चादर बाजूला केली. पोरीच्या अंगात माझ्या पोरीचा ट्रॅकसूट हुता. कमरेच्या पाकिटात माझ्या पोरीचं कार्ड. त्यो डाक्टर इंग्रजीत काय तरी इचारत हुता. मला वाटलं, हिला इथं सोडून जायाचं का? परक्या मुलखात? कुनाची का आसंना. मी हो म्हनलो."

"आणि तिचे आईबाप?"

"प्राचार्य म्हनले, मी सांगतो त्यान्ला. तुमी गप ऱ्हावा."

बाकीचं त्याच्या मुलीनं सांगितलं. तिचा जबाब महिला शिपायानं आमच्या मागच्या खोलीत घेतला, मी दाराशी खुर्ची टाकून बसलो होतो. निघायच्या चार दिवस आधी सरावात तिचा गुडघा फिरला. ती संघाची पहिली चढाई करणारी. तिकीट तिच्या नावानं काढलेलं, स्पर्धेला नाव गेलेलं. मास्तर एका जुन्या खेळाडूकडे गेले. ती पहिल्या वर्षानंतर कॉलेज सोडून मेंढरांमागे जायला लागली होती, पण तिच्यासारखी चढाई जिल्ह्यात कुणाची नव्हती. आधार कार्डावरचा फोटो इतका जुना आणि काळपट, की त्यावर कुणीही खपलं असतं. हिनं मामाकडे जाऊन आठ दिवस लपून राहायचं, तिनं हिच्या नावानं खेळून यायचं. संघाबाहेर हिच्या घरचे आणि प्राचार्य एवढ्यांनाच हे ठाऊक होतं. असे बदली खेळाडू सगळीकडेच चालतात हो, असं मला पुढं दोन क्रीडाशिक्षकांनी सहज सांगितलं.

"माझे बूट तिला घट्ट हुते," मुलगी म्हणाली. "तरी घातले. फोन केला हुता तिनं मास्तरांच्या फोनवरून. म्हनली, मला खिडकी भेटली."

"तिचं गाव कोणतं?"

तिनं गाव सांगितलं.

मी उठून मिसिंग रजिस्टर आणायला गेलो नाही. गरजच नव्हती. त्या गावाची त्या महिन्यात एकच नोंद होती आणि खाली सही माझी होती.

"तिच्या आईला लई रडू आलं आसंल ना?" मुलीनं विचारलं. "मला कुनी जाऊ देईना. प्राचार्य सर जाऊन सांगून आले म्हनत्यात."

महिला शिपाई माझ्याकडे बघायला लागली. मी म्हणालो, "तिच्या आईला अजून माहीत नाही."

ती मुलगी त्यानंतर जे रडली ते मी इथं लिहू शकत नाही. जबाब अर्ध्यावर थांबवावा लागला.

प्राचार्यांनी दोन तासांत कबूल केलं. माणूस दुष्ट नव्हता, भेकड होता. आज सांगू, उद्या सांगू म्हणत राहिला. दिवस घालून झाले, शोकसभा झाली, मग ते सांगणं त्याच्याच्यानं होईना. संस्थेची मान्यता जाईल ही भीती वेगळी. माझ्या अनुभवात माणसं वाईट कामं जेवढी मुद्दाम करतात, त्याहून जास्त ती उद्यावर ढकलून करतात.

वस्तीवर मी दुसऱ्या दिवशी दुपारी गेलो. हवालदार म्हणाला, मी जातो साहेब. मी नको म्हणालो. गाडीचा आवाज ऐकून बाई धावत पुढे आली. मागच्या सीटकडे बघत होती. महिला शिपाई उतरली, तशी क्षणभर तिला वाटलं, आपलीच आली.

मी उभ्यानंच सांगितलं. कसं सांगितलं ते आठवत नाही. तिनं सगळं ऐकून घेतलं. रडली नाही. खाली बसली आणि जमिनीवर हात फिरवत राहिली.

"मंग तुमी नावं वाचली ती?" तिनं विचारलं. "त्यात नव्हती ना ती?"

"नव्हती, मावशी."

"कावून नव्हती?"

मी तिला दुसऱ्याच्या नावानं तिकीट, कार्ड असं काही समजावू लागलो. ती माझ्याकडे बघत होती. मध्येच म्हणाली, "बारा दिस मी भाकरी खाल्ली साहेब. तुमी सांगितलं म्हून खाल्ली."

तिसऱ्या दिवशी यादीतल्या मुलीचा बाप तिथं गेला. मी त्याला सांगितलं नव्हतं, अटकपूर्व जामीन झाल्यावर तो आपणहून गेला. मी नवऱ्याचा जबाब घ्यायला आलो होतो म्हणून ते माझ्यासमोर झालं. मेंढपाळ त्याच सकाळी मेंढरं मागे सोडून परतला होता. बाप लांब बाभळीखाली उभा राहिला, पुढे यायची त्याची हिंमत होईना. बाईच त्याच्याकडे गेली.

"तुमी पाह्यली ना?" ती म्हणाली. "आमी न्हाई पाह्यली. कशी दिसत हुती?"

"निजल्यावानी," तो म्हणाला. ते खरं नसावं. शवविच्छेदनाचा अहवाल मी वाचला होता.

"तोंडात पानी घातलं?"

"घातलं. माझ्या बायकूनं न्हाऊ घातलं तिला. साडी नवी नेसवली."

"राख?"

"गोदावरीत."

बाईनं मान हलवली. तिचा नवरा उठला आणि मोकळ्या वाड्याचं फाटक लावून आला, आत एकही मेंढरू नसताना.

राहिला कागदोपत्री भाग. तिकडच्या रुग्णालयात नमुना जपून ठेवलेला होता, तो आईच्या रक्ताशी जुळला. गुन्हा दाखल झाला. तोतयेगिरी, फसवणूक, खोटी माहिती देणं. ज्यांनी हे ठरवलं ते मास्तर त्याच विमानात गेले होते. प्राचार्यांना जामीन मिळाला. खटला माझ्या निवृत्तीपर्यंत उभा राहिला नव्हता. जिवंत मुलगी सरकारी कागदावर वर्षभर मयत होती, मेलेली मुलगी बेपत्ता होती. एकीचा मृत्यूचा दाखला रद्द होईपर्यंत दुसरीचा निघेना. मेंढपाळ नवरा-बायको तहसीलच्या किती फेऱ्या मारून गेले ते मला माहीत आहे, कारण दर वेळी बाई ठाण्यासमोरून जायची आणि आत यायची नाही.

महाविद्यालयात संघाच्या आठवणीची शिळा बसवली आहे. तिच्यावर मुलींची अकरा नावं आहेत. जिवंत निघाली तिचं नाव घासून काढलं. तिच्या जागी खेळून मेली तिचं कोरलं नाही, कारण ती कॉलेजची विद्यार्थिनी नव्हती. मी संस्थेला दोन पत्रं लिहिली. नियमात बसत नाही, असं उत्तर आलं. मी तिसरं पत्र लिहिलं नाही, याचाही हिशेब माझ्याकडेच आहे.

नव्या अधिकाऱ्यांपुढे बोलायला मला कधी कधी बोलावतात. तपासाची सूत्रं सांगा म्हणतात. बेपत्ता मुलीची तक्रार आली की काय विचारायचं, हे मला पाठ आहे आणि मी सांगतो. मोबाइल, मैत्रिणी, गावातला कोण गायब आहे. हे सगळं मी त्या दिवशीही विचारलं होतं. ती बाई माझ्यासमोर बसून सांगत होती की तिची मुलगी खेळायला गेली आहे, आणि बारा खेळाडू मुलींची यादी माझ्या हातात होती. कोणता खेळ, एवढं मी विचारलं नाही. खेळायला जाणं हे मला कारण वाटलंच नाही, मला ते निमित्त वाटलं. मेंढरांमागे फिरणारी मुलगी खरंच खेळायला जात असेल, हे मला सुचलं नाही. बाईनं "कबड्डी" म्हटलं असतं, तर तिला तिच्या मुलीची राख तरी मिळाली असती का? नाही. ती तेव्हा वाहून गेली होती. पण मी हसतमुखानं तिला जे बारा दिवस दिले, ते तिला मिळाले नसते.

ती बाई आजही मला दोष देत नाही. गेल्या वर्षी बाजारात भेटली. मी ओळख दिली. तिनं माझ्याकडे नीट पाहिलं, "हां, तुमी," म्हणाली, आणि पाटीतल्या मिरच्या निवडायला लागली.