आईच्या मापाची पट्टी

आमची होडी अॅल्युमिनियमची आहे असं सांगितलं की पतसंस्थेतले माझे सहकारी विचारतात, "म्हणजे पातेल्यासारखी?" मी म्हणते, हो, पातेल्यासारखीच, आणि त्याच पातेल्यावर मी बी.कॉम. झाले. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली. याचा मला अभिमान आहे आणि तो मी झाकून ठेवत नाही.

होडी मुळा धरणाच्या पाण्यावर चालते. अण्णा, म्हणजे माझे वडील, जाळं सोडतात आणि आई वल्हवते. माझ्या जन्माआधीपासून हे असंच. वल्हवणारा माणूस पाठमोरा बसतो, जाळं सोडणारा मागच्या टोकाला असतो, त्यामुळे आईचं तोंड कायम अण्णांकडे. ती त्यांच्या हातांकडे बघत होडी पुढे नेते. जोरात नेली तर जाळं ताणतं, हळू नेली तर गुंता होतो. पाण्यावर दोघं एक शब्द बोलत नाहीत. बोलायचं ते सगळं घरी आल्यावर, आणि तेही भांडल्यासारखं.

गेल्या पावसाळ्याच्या शेवटी आईनं होडीत पाय ठेवला आणि तळाचा प्लाय खचला. खालचा पत्रा शाबूत होता, बुडायची भीती नव्हती. पण प्लाय आणि पत्र्याच्या मधल्या पोकळीत पाय अडकून गुडघा मुरगळला, नडगी सोलवटली. पुढे सूज उतरली, तरी पाय पहिल्यासारखा सरळ होईना. आई म्हणाली, "आता मी न्हाई बसायची तिच्यात. संसार केला त्या होडीवर, आन तिनंच पाय धरला."

मग अण्णा चुलत्यांना घेऊन जायला लागले. काठावरूनही ऐकू यायचं, "थांब! आरं थांब की! कुठं निघाला, औरंगाबादला?" चुलते ओरडायचे, "दादा, मला काय सपान पडतंय व्हय तुमच्या मनात काय हाय ते?" अण्णांना पाण्यावर ओरडायची सवय नव्हती. हळूहळू त्यांनी जाणंच सोडलं. सकाळी उठून काठावर जायचे, होडीच्या कडेवर बसायचे आणि परत यायचे. आई परत आपल्या जागेवर बसली नाही तर हा माणूस पाण्यावरून कायमचा उठेल, हे मला दिसत होतं. दोघांपैकी कुणी ते बोलून दाखवणार नव्हतं, हेही माहीत होतं.

एका रविवारी मी म्हटलं, "अण्णा, तळ नवा करू."

"कशाला? भंगारात द्यायची म्हनतोय तुझा चुलता."

"चुलत्याची होडी आहे का?"

अण्णा उठले आणि पटाशी घेऊन आले.

जुना प्लाय निघताना चहात भिजलेल्या खारीसारखे त्याचे पापुद्रे सुटत होते. खाली होडी तरंगावी म्हणून भरलेलं थर्माकोल होतं. त्यानं इतकं पाणी धरलं होतं की तुकडा उचलताना हात खाली जायचा. लोखंडी स्क्रू गंजून गेलेले, त्यांच्या भोवतीचा पत्रा पांढरट पडलेला. सगळ्यात खाली, चिखलात, हिरव्या काचेच्या बांगड्यांचे तुकडे निघाले. अण्णांनी एक तुकडा बोटानं पुसला. म्हणाले, "एवढ्या हितं फोडल्या बयेनं, आन मला सांगायची, बाजारात गर्दीत फुटल्या."

मी मोबाईलवर बरंच बघून ठेवलं होतं. प्लाय वरून नाही, कापलेल्या कडेनं पाणी पितो. म्हणून प्रत्येक कडेला, प्रत्येक भोकाला आधी रेझिन पाजायचं, मग रंग. स्क्रू स्टेनलेसचे. प्लायखाली साचलेलं पाणी उपसता यावं म्हणून मागच्या बाजूला प्लायला फट. अण्णांनी एकदाच विचारलं, "आन हे सगळं कॉलेजात शिकवलं व्हय?" मी म्हटलं, "नाही, पण वाचून समजून घ्यायला शिकवलं." त्यांनी मान हलवली. दुपारी चुलते आले तेव्हा मी काही बोलायच्या आत अण्णाच त्यांना सांगत होते, "आरं, कडंनं पितो त्यो. कडंनं."

तीन रविवार गेले आणि तळ बसला. राहिली फक्त पाय रेटायची पट्टी. वल्हं ओढताना पाय कशाला तरी रेटावे लागतात, नाहीतर जोर लागत नाही. जुनी पट्टी प्लायबरोबरच गेली होती.

"बस गं माय," अण्णा मला म्हणाले.

"मी?"

"तुझी आई तुझ्यायेवढीच हाय."

मी आईच्या फळीवर बसले, पाय लांब केले. अण्णांनी टाचांपाशी पेन्सिलीनं खूण केली आणि तिथे पट्टी मारली.

संध्याकाळी चुलते आमच्या दारात उभे राहून आईला ऐकू जाईल असं म्हणाले, "वयनी, तुमची जागा झ्याक झालीय. उद्यापासनं मीच बसतो तिथं."

आई भाकरी थापत होती. वर न बघता म्हणाली, "बसा की. आदी पवायला शिका."

दुसऱ्या दिवशी मी सुट्टी टाकली होती. आई भाकरी घेऊन काठावर आली. एरवी ती डबा माझ्याच हाती द्यायची. होडीजवळ वाकून तिनं बोटाच्या पेरांनी तळ वाजवून बघितला, बाजारात मडकं घेताना वाजवतात तसा. इथं वाजवला, तिथं वाजवला. कोपऱ्यातही वाजवला. अण्णा दुसरीकडे बघत जाळं झटकत होते. त्या जाळ्यात झटकण्यासारखं काहीच नव्हतं.

मग माझा खांदा धरून ती आत उतरली. आधी चांगला पाय, मग दुखरा. फळीवर बसली, पाय लांब केले. दुखऱ्या पायाची टाच पट्टीला लागेना. वीतभर अंतर राहिलं.

"कुनाचं माप घेतलं हे?"

"हिचं," अण्णा म्हणाले.

"हिचं का?"

"तू हिच्यायेवढीच की."

आई तोंडाला पदर लावून हसायला लागली. "आवं, व्हते! लगीन झालं तवा व्हते! त्या बाईला बसवायचं व्हतं तर तिलाच बोलवा."

अण्णा लाजले. मी माझ्या वडिलांना लाजताना कधी पाहिलं नव्हतं. ते होडीत तिच्यासमोर गुडघ्यावर बसले. तिचा दुखरा पाय हातात घेऊन त्यांनी जितका सरळ होत होता तितकाच होऊ दिला, आणि टाचेखाली खूण केली. उरलेल्या तुकड्यातून मी दुसरी पट्टी कापून दिली, कडांना रेझिन लावलं. ते वाळेपर्यंत तिघांनी तिथंच भाकरी खाल्ली.

दुसरी पट्टी बसल्यावर मी पहिली काढायला पुढे झाले. म्हटलं, रिकामी भोकं बुजवून टाकते.

"ती ऱ्हाऊ दे," अण्णा म्हणाले. "गुडघा सुटला की लागंल."

"आन न्हाई सुटला तर?" आई म्हणाली.

"मंग ऱ्हाऊ दे की. काय खायला मागतीय का?"

मी होडी ढकलली. आईनं नव्या पट्टीला टाचा लावल्या, वल्हं एकदा ओढून बघितलं, पुन्हा ओढलं. अण्णा मागच्या टोकाला उभे राहून जाळ्याचं तोंड शोधत होते. मी काठावर कान देऊन उभी होते. पाण्यावरून काहीच ऐकू आलं नाही.