मालनआत्यानं बँकॉकहून काय आणलं

फोन आला तेव्हा आमच्या घरात यादी चालली होती. लेक ऋतुजा कंपनीच्या कामासाठी पहिल्यांदाच जपानला निघालेली, आणि तिथून कुणासाठी काय आणायचं यावर सकाळी सकाळी मायलेकींची जुंपली होती. "आपण आत्याआजीलाच विचारू की," असं ऋतुजा म्हणाली आणि माझा मोबाइल वाजला. उचगावहून चुलत भाऊ बोलत होता. "सुधीर, मालनआत्या गेली रं... सकाळी उठलीच न्हाय." मी यादीचा कागद हातात धरून तसाच उभा राहिलो. त्याला आता सहा आठवडे झाले. आत्याबद्दल चार ओळी लिहाव्यात म्हणून या दिवसांत मी कितीदा तरी बसलो आणि उठलो. तिच्याबद्दल खरं लिहायचं तर आधी स्वतःबद्दल लिहावं लागतं, आणि ते मी नऊ वर्षं टाळत आलो होतो.

मालनआत्या माझ्या वडिलांची धाकटी बहीण. लग्नानंतर दोन वर्षांतच नवरा गेला, मूलबाळ नव्हतं. रडत बसण्याऐवजी ती नर्सिंग शिकली आणि सगळी नोकरी मलकापूरच्या दवाखान्यात काढली. शाहूवाडी तालुक्यातली निम्मी पोरं आपल्याच हातावर जन्मली, असा तिचा दावा होता. एसटी स्टँडवर एखादा मिशीवाला गडी "सिस्टर, वळखलं का?" म्हणून पाया पडायला वाकला, की ती चारचौघांत मोठ्यांदा म्हणायची, "वळखलं की! तुजं डोस्कं लई मोठं हुतं बाबा, आईला पार दमवलंस." आवाज असा, की पलीकडच्या फलाटावरचे लोकही त्या गड्याचं डोकं बघायचे. अकरावी-बारावीला मी तिच्याकडं राहून शिकलो. मला घासून आंघोळ कर म्हणणारी, प्रगतिपुस्तकावर सही करणारी आणि नापास झालो त्या दिवशी काही न बोलता मटण शिजवणारी बाई तीच. निवृत्तीनंतर ती उचगावला आमच्या वस्तीत राहायला आली. कुणाची सोयरीक असो की कुणाचं ऑपरेशन, मालननं हो म्हटलं की वस्ती हो म्हणायची. तिच्या शब्दाला तेवढी किंमत होती.

नऊ वर्षांपूर्वी वस्तीनं विहार नवा बांधला. भिंती झाल्या, फरशी झाली, मधोमध कोनाडाही झाला, पण त्यात ठेवायला मूर्ती नव्हती, नुसती तसबीर. नेमकी तेव्हाच शहरातल्या एका प्रवासी कंपनीची थायलंडची सहल निघाली होती. आत्यानं रविवारी वंदनेनंतर उभं राहून जाहीर केलं, "कोनाड्यातली मूर्ती मी आणणार. सोताच्या पैशानं." टाळ्या पडल्या. तिला इंग्रजी येत नव्हतं, म्हणून सोबतीला आणि दुभाष्या म्हणून मी. माझ्या ऑफिसात ही बातमी फुटली आणि याद्या सुरू झाल्या. साहेबांना अत्तर, शेजारच्या टेबलाला डोकेदुखीचा बाम, मेव्हण्याला हत्तीचा टी-शर्ट, बायकोच्या भिशीतल्या सगळ्यांना सारख्या पर्सेस... परदेशी निघालेल्या माणसाला आपण माणूस समजतच नाही, रिकामी बॅग समजतो. आत्याच्या सामानात मात्र एकच यादी होती. विहारात जाऊन तिनं दवाखान्यातल्या सवयीप्रमाणे बँडेजच्या पट्टीनं कोनाडा मोजला होता आणि उंची-रुंदीच्या खुणा बॉलपेननं त्या पट्टीवरच करून पट्टी पर्समध्ये ठेवली होती.

पहिल्याच दिवशी बसमध्ये तिथल्या गाइडनं माइक हातात घेऊन इंग्रजीत सूचना सांगितल्या. पासपोर्ट सांभाळा, पाणी बाटलीतलंच प्या, वगैरे. आणि मग त्यानं सांगितलं, की इथून बुद्धाची मोठी मूर्ती न्यायची असेल तर सरकारी परवाना लागतो, त्याला काही दिवस जातात, तेव्हा कुणाला घ्यायची असेल तर मला आजच सांगा. मी हे ऐकलं. आज मला हे स्वच्छ लिहू दे. मी ऐकलं, मला समजलं, आणि आत्याला सांगायला मी वळलोही. ती खिडकीबाहेर बघत होती. तेवढ्यात मोबाइल टिंग वाजला, भिशीच्या पर्सेसचा रंग बदलला होता, बायकोनं नवे फोटो पाठवले होते. ते बघता बघता बस हॉटेलपाशी आली, आणि परवान्याची गोष्ट माझ्या डोक्यातून साफ उतरली.

पुढचे दोन दिवस मी दुकानं पालथी घालत होतो आणि आत्या माझी टिंगल करत होती. "सुध्या, ह्यो बाम आपल्या बिंदू चौकात बी मिळतोय की रं." तिचं म्हणणं साधं होतं. रोज हातात येईल ते आणावं, कपाटात बसेल ते आणू नये. मॉलमध्ये तिचा जीव रमेना. ती मला भाजीबाजारात घेऊन गेली आणि तिथं एका म्हातारीकडं तिला एक दातेरी सोलणं दिसलं, कच्च्या पपईचा कीस काढायचं. दोघींना एकमेकींचं अक्षर कळत नव्हतं, तरी पाच मिनिटांत आत्या त्या म्हातारीच्या शेजारी बसून पपई किसत होती. "काकडी कोचवाय ह्याच्यासारकं काय न्हाय," म्हणून तिनं वस्तीतल्या प्रत्येक घराला एक या हिशेबानं सोलणी घेतली. मूर्तीला मात्र वेळ लागला. मूर्तींच्या दुकानांची एक अख्खी गल्ली होती, पण तिथल्या बहुतेक मूर्तींचे डोळे मिटलेले, नाहीतर खाली झुकलेले. आमच्याकडं उघड्या डोळ्यांचा बुद्ध लागतो, माणसांकडं बघणारा. आत्या प्रत्येक दुकानात आधी डोळे बघायची, मग पट्टी लावायची. दुकानदार हसायचे. शेवटी शेवटच्या आदल्या दिवशी एका बोळातल्या दुकानात ती सापडली, पितळेची, पट्टीच्या खुणेला बरोबर, डोळे टक्क उघडे. आत्यानं हात जोडले आणि माझ्याकडं वळून म्हणाली, "बग, आपलीच वाट बगत हुती."

विमानतळावर तिची बॅग बाजूला काढली गेली. अधिकारी बाईनं कापडात गुंडाळलेली मूर्ती बाहेर काढली, आधी तिला नमस्कार केला आणि मग परवाना मागितला. त्या क्षणी मला बसमधला माइक आठवला. आम्हाला सोडायला आलेला गाइड धावत आला, त्यानं रदबदली केली, पण नियम तो नियम. तो माझ्याकडं वळून इंग्रजीत म्हणाला, "सर, मी पहिल्याच दिवशी बसमध्ये सांगितलं होतं." आत्यानं माझी बाही ओढली. "काय म्हंतोय त्यो?"

मी म्हणालो, "नियम आत्ताच बदललाय म्हणतोय. त्यालाही माहीत नव्हतं."

चाळिशीच्या उंबरठ्यावरचा, दोन पोरांचा बाप. ज्या बाईनं मला शिकवून माणसात आणलं, तिच्या तोंडावर मी धडधडीत खोटं बोललो. का? तर तिनं माझ्याकडं निराश होऊन बघू नये म्हणून. आत्यानं मूर्ती उचलून गाइडच्या हातात दिली, जिथं लोक येऊन बसतील अशा ठिकाणी ठेव म्हणून मला सांगायला लावलं, आणि वाकून नमस्कार केला. तिच्या बॅगेत आता जागा झाली होती. माझं सामान वजनाला जास्त भरत होतं. काउंटरवरच्या मुलीनं सुचवलं आणि मी... मी अत्तरं, टी-शर्ट आणि पर्सेस आत्याच्या बॅगेत मूर्तीच्या जागी भरल्या.

उचगावात लोक हार घेऊन उभे होते. हलगी होती. पोरींनी विहाराच्या दारात रांगोळी काढली होती. आत्या गाडीतून उतरली आणि घसा खाकरून म्हणाली, "मूर्ती आली न्हाय. कागद लागत हुता, म्या चौकशी केली न्हाय. माजी चूक." हलगी थांबली. मी शेजारी उभा होतो, नियम बदलल्याचं माझं खोटंही तिनं पुढं केलं नाही, सगळं स्वतःच्या अंगावर घेतलं. मग ओट्यावर बॅग उघडली गेली, आणि वस्तीनं सोलण्यांच्या खाली माझी अत्तरं आणि पर्सेस बघितल्या. नजरा पर्सेसवरून आत्याकडं वळल्या. पुढं दोन वर्षांनी एकाच्या जावयानं नागपूरहून मूर्ती आणून बसवली, तोवर कोनाडा तसाच होता. बोलणं मात्र संपलं नाही. भाच्यासाठी बॅग भरून आणली, विहाराला काय आणलं न्हाय, असं कुणीकुणी म्हणायचं. शेजारच्या सोनाबाई तर तिला तोंडावर "सोलणीवाली" म्हणायच्या. आत्या हसायची. पण वस्तीच्या बैठकीत ती पूर्वीसारखी पुढं बसेनाशी झाली, हे मला दिसत होतं.

एकदाच, चार वर्षांपूर्वी, आमच्या घरी जेवताना माझा मेव्हणा दुबईला निघाला होता म्हणून त्यानं विचारलं, "आत्या, तिकडनं काय आणू?" आत्या भाकरी मोडत म्हणाली, "काय बी आण. पर आदी गाइड काय सांगतोय त्ये नीट ऐक." मी तिच्याकडं बघितलं, तर ती ऋतुजाला आमटी वाढत होती. योगायोग असेल, अशी मी मनाची समजूत घातली. माणूस सोयीचं तेवढं समजून घेतो.

आत्याच्या पुण्यानुमोदनाला, वस्तीनं ठेवलेल्या स्मरणसभेला, इचलकरंजीहून पाटीलबाई आल्या होत्या. त्या आमच्या सहलीत होत्या, हायस्कुलात इंग्रजी शिकवून निवृत्त झालेल्या. परतीच्या विमानात त्यांची जागा आत्याच्या शेजारी होती. कार्यक्रम संपल्यावर त्या मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "सुधीर, तुमच्या आत्यांसारखी बाई मी बघितली नाही हो. गाइड तुम्हाला काय बोलला ते मी ऐकलं होतं. विमानात मी त्यांना सांगितलं, बाई, तुमच्या भाच्याला सगळं माहीत होतं." मी विचारलं, मग ती काय म्हणाली? पाटीलबाई आत्याच्या आवाजात बोलायचा प्रयत्न करू लागल्या आणि मध्येच त्यांना रडू आलं. "म्हणाल्या, ऱ्हाऊ दे बाई, कुनाला सांगू नगासा. पोरगं घाबारलंय. त्यो सांगंल की कवातरी..."

कवातरी. नऊ वर्षं तिनं वाट बघितली. तिला माझी चूक माहीत होती, खोटं माहीत होतं, आणि तरी सणावाराला तीच मला फोन करून जेवायला बोलवत होती. मी सांगायला हवं होतं. ती असताना सांगायला हवं होतं. दुसरं काही मला म्हणता येत नाही.

पुढच्या रविवारी मी उचगावला गेलो. वंदना झाली, आणि लोक उठायच्या आत मी उभा राहिलो. बसमधला गाइड, मोबाइल, विमानतळ, बॅगेतल्या पर्सेस, सगळं सांगितलं. मग सोनाबाई म्हणाल्या, "आन् आमी तिला काय काय बोललो रं..." त्यांनी पदरानं तोंड झाकलं. शिव्या बसतील या तयारीनं मी आलो होतो. शिव्या बसल्या असत्या तर बरं झालं असतं.

लोक एकेक करून बाहेर गेले. सोनाबाई मागं राहिल्या. दाराआड हात घालून त्यांनी खराटा काढला आणि माझ्यापुढं धरला. म्हणाल्या, दर रविवारी पटांगण मालन लोटायची, ती गेल्यापासून कुणी हात लावलेला नाही. पिंपळाची पानं खरंच ढिगानं पडली होती. मी बूट काढले, बाह्या दुमडल्या आणि एका कडेनं सुरुवात केली. सोनाबाई पायरीवर बसून बघत होत्या. अर्ध्यावर आलो तेव्हा मागून त्यांचा आवाज आला.

"कोपरं नीट काड. तिला चालत न्हवतं."