दांडीतलं शिसं

साक्कोट्टैच्या सुताराने मला फसवलं. माझं अंजनाचं लाकूड त्याने ठेवून घेतलं आणि हलक्या लाकडाच्या पोटात शिसं भरून ते माझ्या हातात दिलं. ते शिसंही माझ्याच वखारीतलं.

मी कुंभकोणमची जुनी घरं पाडतो आणि त्यांतलं सामान विकतो. दारं, तुळया, पितळी कड्या. पहिली तीन वर्षं घण मीच मारला. वखारीचा नियम एकच आहे. जे जातं ते काट्यावरून जातं, जे येतं ते काट्यावरून येतं.

मुलीला बेस गिटार हवी होती. लग्नांत वाजवणाऱ्या एका ऑर्केस्ट्राच्या मालकाने तिला ऐकलं होतं. स्वतःचं वाद्य घेऊन ये, जागा तुझी, असं तो म्हणाला होता. दुकानातलं वाद्य मी घेतलं नाही. वखार भरलेली असताना विकत काय घ्यायचं? आम्ही बापलेकीने ती घरीच करायला घेतली. फणसाच्या एका दाराची फळी कापून अंग केलं. जाड तारांच्या जागी मोटारसायकलच्या क्लचची केबल आली. फुटक्या लाउडस्पीकरचं चुंबक काढून त्यावर जुन्या रिलेतली केसासारखी तांब्याची तार तिने गुंडाळली. मी ओरडलो की तार तुटायची, तार तुटली की ती ओरडायची.

राहिली दांडी. तारांचा सगळा ताण दांडीवर येतो. त्यासाठी मी अंजनाच्या तुळईचा एक तुकडा राखून ठेवला होता. इथली नागस्वरं, म्हणजे सनईसारखी पण लांब वाद्यं, याच लाकडाची होतात. नवं झाड चालत नाही, छपराखाली पिढ्यान् पिढ्या वाळलेली तुळईच लागते. त्या तुकड्यावर गंजक्या खिळ्यांचे दोन काळे डाग होते, अगदी शेजारी शेजारी, डोळ्यांसारखे.

सुतार नागस्वरं करणारा होता. दांडी माझ्या मुलीच्या गिटारची, हे मी त्याला सांगितलं. त्याची मजुरी मी अर्ध्यावर आणली.

"रायर," तो म्हणाला. इथे आम्हा मराठी लोकांना असंच हाक मारतात. "एवढ्या पैशांत माझा रंधासुद्धा हलणार नाही."

"रंधा राहू दे. हात हलव."

"आणि भुसा?"

"तोही परत. चार किलो नेतोयस, चार किलो आण."

"मी घामाघूम होईन, रायर. तो घाम त्यात धरायचा की वेगळा तोलायचा?"

वखारीतली माणसं हसली. मीही हसलो. जाताना त्याने ओळंबे ओतायला म्हणून बॅटरीचं थोडं शिसं मागितलं. मी तोलून दिलं.

पंधरा दिवसांनी तो दांडी आणि भुशाचं पोतं घेऊन आला. दोन्ही काट्यावर चढवलं. चार किलोला तीस ग्रॅम कमी. भुसा मी चोळला, हुंगला. अस्सल अंजन. दांडी तेल पाजून काळी केलेली होती. डाग कुठे गेले, विचारलं. "तासले गेले," तो म्हणाला. मला पटलं.

साक्कोट्टैलाच एका लग्नाच्या रिसेप्शनमध्ये मुलगी पहिल्यांदा उभी राहिली. मी पहिल्या रांगेत होतो. दुसरं गाणं अर्ध्यात आलं आणि फांदी मोडावी तसा आवाज झाला. दांडी मधोमध मोडून तारांनी आत ओढली, आणि त्या फटीत तिच्या डाव्या हाताची बोटं सापडली. ती किंचाळली ते माइकमधून सगळ्या मंडपात घुमलं. रक्त तिच्या कोपरापर्यंत आलं. मी तारा पकडीने कापल्या, तेव्हा मोडलेल्या लाकडातून करडी पट्टी बाहेर आली. मऊ, चकचकीत. माझं शिसं.

सकाळी मी पहार घेऊन त्याच्या शेडवर गेलो.  पहिला घाव त्याच्या लेथवर घातला, दुसरा ठोकळ्यावर. त्याने लाकूड तासायचा वाकस उचलला आणि माझ्या खांद्यात हाणला. मी पहार टाकली आणि मुठीने त्याचे दोन दात पाडले. आम्ही भुशात लोळलो. त्याच्या तोंडाचं रक्त माझ्या तोंडात गेलं.

"लाकूड कुठाय?"

"तूच तोललंस ना?" रक्त थुंकत तो म्हणाला. "काट्याला विचार. मला पोटापुरतं द्यायचं नाही आणि लाकूड मात्र राजाचं!"

ठाण्यात दोघांच्या सह्या घेतल्या आणि दोघांना हाकललं.

भुसा अस्सल कसा, हे कोडं तीन महिन्यांनी सुटलं. पुतणीला दिवस गेले होते, म्हणून आम्ही तिरुक्करुगावूरला, गर्भ राखणाऱ्या देवीच्या दर्शनाला गेलो. देवळाच्या आवारात एक म्हातारा नागस्वर वाजवत होता. नवं नागस्वर, जुन्या लाकडाचं. शेवटच्या भोकाखाली दोन काळे डाग होते, शेजारी शेजारी. म्हणजे माझ्या लाकडातून सुताराने ते कातून काढलं होतं आणि त्याचाच भुसा मला मोजून दिला होता.

मी ते म्हाताऱ्याच्या तोंडातून ओढलं. त्याचा ओठ फाटला. हे माझं चोरलेलं लाकूड, असं ओरडत दगडी खांबावर आपटायला हात वर नेला. लोक धावले. पण म्हातारा ओठ पुसत शांतपणे म्हणाला, "मी हे साक्कोट्टैहून विकत घेतलंय. फोडायचं तर फोड. मग कोणाला काय दाखवणार?"

मी हात खाली आणला. त्याची माफी मागितली, ती मनापासून. नागस्वर अजून त्याच्याकडेच आहे, आणि ते डागही.

ऑर्केस्ट्रात आता दुसरं कोणी वाजवतं. मुलीची दोन बोटं वळत नाहीत. मेलकावेरीतल्या आमच्या घराच्या ओट्यावर बसून ती रोज रबरी चेंडू दाबते. एकदा तिने विचारलं, "अप्पा, तोलून पाहिलंत. वाकवून का नाही पाहिलंत?"

तिला काय सांगायचं ते मी बघेन. त्याआधी सुताराने यावं. दात पडलेलं तोंड घेऊन यावं, तिच्या समोर ओट्यावर बसावं, ती दोन बोटं हातात धरावीत आणि माझ्या प्रश्नाचं उत्तर द्यावं: तुला चोरी करायची होती तर माझ्याकडे मोकळ्या हाताने यायचं, लाकूड हरवलं म्हणायचं. ज्या दांडीवर माझ्या मुलीचा हात फिरणार हे तुला ठाऊक होतं, तिच्यात शिसं का भरलंस?