थोरले, धाकटे आणि लाँड्रीतली मावशी

मोठ्या फुटबॉल क्लबात मुख्य कोचची खुर्ची फार उंच असते आणि तिचे पाय कच्चे असतात. मावशीला हे कुणी शिकवलं नव्हतं. स्टेडियमच्या तळघरातल्या लाँड्रीत तिने उमेदीची सगळी वर्षं काढली होती. तिथून तिने इतके कोच येताना-जाताना पाहिले, की पुढेपुढे ती नव्या माणसाचं नाव पाठ करायच्या भानगडीतच पडेना. रोज टॉवेल किती लागतील, तेवढं विचारून घ्यायची.

एक होता तो जिंकलेल्या सामन्यातले मोजे धुवू द्यायचा नाही. संघ जिंकतच सुटला आणि लाँड्रीत नाक धरून वावरायची पाळी आली. एक जण वरच्या गॅलरीत बसून फोनवरून हुकूम सोडायचा, उंटावरून शेळ्या हाकणारा. एक परदेशातून वाजतगाजत आला आणि नव्याचे नऊ दिवसही धड भरले नाहीत तोच गेला. त्याच्या ट्रॅकसूटवर चिकटवलेली नावाची अक्षरं तिने इस्त्रीने गरम करून सोलून काढली. आणि एक बिचारा हर्नियाच्या ऑपरेशनसाठी रजेवर गेला, परत येऊन बघतो तर त्याच्या टेबलाशी दुसराच माणूस चहा पीत बसलेला. गरज सरो, वैद्य मरो, हा त्या क्लबाचा कारभार. हर्नियावाल्याची गोष्ट पुढचा प्रत्येक कोच ऐकून असायचा आणि ताप आला तरी अंगावर काढायचा.

थोरले आणि धाकटे आले ते जोडीने. थोरले मुख्य कोच, धाकटे त्यांचे सहायक. नात्याने कुणी कुणाचे नव्हते, पण पोरवयात एकाच संघात खेळले आणि तेव्हापासून तीसेक वर्षं पाठच्या भावांसारखे राहिले. ही नावंही खेळाडूंनीच ठेवलेली. थोरले मोजकं बोलायचे आणि त्यांच्या वाटचं राहिलेलं धाकटे बोलून टाकायचे.

थंडीच्या दिवसांत थोरले अधूनमधून लाँड्रीत येऊन बसत. कपडे वाळवायच्या यंत्रांमुळे तिथे ऊब असायची. आजवर कुठलाही कोच तक्रारीशिवाय खाली उतरला नव्हता. थोरले उलट्या ठेवलेल्या टोपलीवर बसून मावशीच्या गुडघ्यांची चौकशी करायचे, लेकीचं कसं चाललंय विचारायचे. मावशीला बरं वाटायचं. बरं म्हणजे काय, मान मिळाल्यासारखं वाटायचं, आणि मानाची सवय नसलेल्या माणसाला तो लवकर चढतो.

एक दिवस ते सरावाच्या जाळीदार बंड्यांचा ढीग घेऊन आले.

"मावशी, यांच्यावरचे आकडे मोठे करता येतील? पुढे, मागे, दोन्हीकडे. पांढरे करा."

"केवढे मोठे?"

त्यांनी दोन्ही तळहात लांब धरून दाखवले.

"साहेब, एवढ्यात दुकानाची पाटी होईल," ती हसून म्हणाली.

थोरले हसले नाहीत. दार लोटून म्हणाले, "दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू आहे. जवळचं दिसतं. मैदानाच्या पलीकडचं सगळं धुक्यात गेल्यासारखं. सामन्यात धाकटा माझ्या कानाशी उभा राहून कोण कुठे आहे ते सांगतो, पण सरावात त्याला दुसऱ्या टोकाला थांबावं लागतं."

"मग ऑपरेशन का नाही करून घेत?"

"हंगाम संपला की करणार. आत्ता रजा घेतली तर..."

"हर्नियावाला," मावशी म्हणाली.

"हर्नियावाला," थोरले म्हणाले. "आम्हा दोघांशिवाय हे कुणाला ठाऊक नाही. आता तुम्हाला."

तिने आकडे कापले, गरम पाट्याखाली दाबून बसवले. खेळाडूंना वाटलं, ही काहीतरी नवी पद्धत आहे. संघ जिंकत होता, तेव्हा शेजारच्या क्लबनेही आपल्या बंड्यांवरचे आकडे मोठे करून घेतले. हे ऐकून थोरले लाँड्रीत येऊन डोळ्यांतून पाणी येईस्तोवर हसले, आणि मावशीही हसली. तिच्या आयुष्यात क्लबाच्या इतक्या आतली गोष्ट तिच्याकडे कधीच आली नव्हती.

आता जावयाचं सांगायला हवं. जावई म्हणजे दहावा ग्रह, आणि मावशीचा हा ग्रह दर रविवारी हटकून तिच्याकडे जेवायला उगवायचा. फुटबॉलमधलं सगळं आपल्याला कळतं आणि ते इतरांना समजावणं हे आपलं कर्तव्य आहे, अशी त्याची समजूत होती. त्या रविवारी तो थोरल्यांच्या डावपेचांवर बोलत होता. मावशी मध्ये काही म्हणाली, तर तो नेहमीसारखाच म्हणाला, "आई, तुम्ही मोजे धुता. तुम्हाला खेळातलं काय कळणार?"

हे वाक्य तिने वर्षानुवर्षं ऐकून सोडून दिलं होतं. त्या दिवशी तिच्याने सोडवलं नाही.

"मोजे धुते म्हणूनच कळतं," ती म्हणाली. "तुमच्या त्या कोचला पलीकडचा गोल दिसत नाही. माझ्या हातचे आकडे नसले तर त्याचा सराव बंद पडेल."

बोलता क्षणी तिला चूक कळली, असं म्हटलं तर ते खोटं होईल. आधी तिला गोडच वाटलं. जावयाचा घास हातातच राहिला, तो पहिल्यांदा तिच्याकडे नीट बघत होता. तो विचारत गेला आणि ती सांगत गेली. मोतीबिंदू, धाकट्यांचं कानात सांगणं, सगळं. मग भांडी घासताना चूक उमगली. ओल्या हातांनीच बाहेर येऊन ती म्हणाली, "कुठे बोलू नका हं."

"छे हो," जावई म्हणाला. तो सोमवारी कचेरीत बोलला.

गोष्ट षट्कर्णी झाली की ती कुणाचीच राहत नाही. पुढच्याच सामन्याला गॅलरीतल्या पोरांनी पुठ्ठ्याचे भलेमोठे चष्मे घातले होते. थोरल्यांना ते दिसले नसणार, पण 'कोचला चष्मा घ्या रे' हे गाणं सगळं स्टेडियम म्हणत होतं आणि त्यांचे कान ठणठणीत होते. संघ तो सामना हरला, त्यापुढचाही हरला. कमिटी बसली. थोरल्यांना जायला सांगितलं आणि हंगाम संपेपर्यंत धाकट्यांना खुर्चीत बसवलं.

मावशीने लेकीला फोन केला. लेक म्हणाली, "आई, झालं ते झालं. आता ताणू नकोस, माझ्या घरात भांडण होईल." मावशीने ताणलं नाही. ती आपल्याला बोलावणं येईल म्हणून वाट बघत राहिली. चोराच्या मनात चांदणं. जिन्यावर पावलं वाजली की तिचे हात थांबायचे. बोलावणं आलंच नाही. थोरल्यांनी कमिटीला सांगितलं होतं की, ही गोष्ट मला ठाऊक होती आणि आणखी एकाच माणसाला. मावशीला सांगितल्याचं ते साफ विसरले होते. संशय घ्यायचा तरी आधी माणूस मोजावा लागतो, आणि मावशीला कुणी मोजलंच नव्हतं. ती वाचली. असं वाचणं तिच्या जिव्हारी लागलं, आणि अशा वेळी आपल्याला आपल्या मानाचं सुचतं, याची तिला लाज वाटली.

थोरले सामान घेऊन निघाले, तेव्हा ती टॉवेलांची गाडी घेऊन त्याच बोळात होती. धाकटे भिंतीशी उभे होते. त्यांनी हात पुढे केला. थोरले त्या हाताला घासून पुढे गेले. नंतर लोक चेष्टेने म्हणाले, बिचाऱ्याला हात दिसला नसेल. जवळचं त्यांना चांगलं दिसायचं, हे मावशीला माहीत होतं.

नव्या पदावर धाकट्यांना एक दिवस सुखाचा गेला नाही. ते मैदानावर आले की गॅलरीतून 'फितूर, फितूर' सुरू व्हायचं. खेळाडू त्यांच्यासमोर बोलणं आवरतं घ्यायचे. एका संध्याकाळी ते लाँड्रीत आले आणि टोपलीवर न बसता दारातच उभे राहिले.

"मी नाही सांगितलं, मावशी. तुम्हाला तरी पटतं ना?"

सांगायची हीच वेळ होती. तोंड उघडलं की झालं असतं. पण नोकरी जाईल, लेकीच्या घरात आग लागेल, आणि धाकटे आपल्याकडे कसे बघतील, हे सगळं एकदम मनात आलं.

"पटतं," ती म्हणाली आणि वाकून यंत्रातले कपडे ओढू लागली. तिने आयुष्यात बोललेल्या शब्दांत हा सगळ्यात हलकट शब्द होता, असं ती स्वतःलाच पुढे कितीदा तरी म्हणाली. जावयाला सांगितलं ती चूक होती. हे मात्र तिने जाणूनबुजून केलं होतं.

हंगाम संपला आणि धाकटे गेले. दूरच्या कुठल्याशा गावी लहान मुलांना शिकवतात, असं कानावर आलं. खुर्चीत नवा माणूस आला, त्याला टॉवेल जास्त लागायचे.

दोनेक वर्षांनी क्लबने मधल्या बोळात आजवरच्या मुख्य कोचचे फोटो लावायचं काढलं. जुन्या फोटोंतला कोण कुठला, हे कुणालाच सांगता येईना, म्हणून सेक्रेटरीने मावशीला वर बोलावलं. तिने मोजेवाल्यापासून हर्नियावाल्यापर्यंत सगळे ओळखले आणि ओळीने लावून घेतले. थोरल्यांच्या शेजारी धाकटे आले. दुसऱ्या दिवशी सकाळी धाकट्यांच्या काचेवर कुणीतरी मार्करने 'फितूर' लिहिलेलं होतं. मावशीने स्पिरिट आणून ते पुसलं. पुन्हा लिहिलं, तिने पुन्हा पुसलं. हा खेळ बरेच दिवस चालला, आणि मग सेक्रेटरी तिला म्हणाला, "राहू द्या मावशी, तो फोटोच काढून टाकू. नाहीतरी काही महिनेच होता. त्याला कोचमध्ये कशाला धरायचं?"

तिने फडकं खिशात घातलं. माणसाचं नाव गेलं ते आपल्यामुळे, आणि आता तो इथे होता हेसुद्धा पुसलं जाणार. "रविवारपर्यंत थांबा," ती सेक्रेटरीला म्हणाली. आपलं कोण ऐकणार, हे ती जाणून होती. थोरल्यांसारखं पुढे कुणी जिंकून दिलं नव्हतं, त्यांचा शब्द मात्र क्लबात अजून चालत होता.

रविवारी जावई जेवायला यायच्या आत ती घराला कुलूप लावून निघाली. दोन बस बदलून थोरल्यांच्या घरी पोचली. दार त्यांनीच उघडलं. चष्मा नव्हता, डोळे स्वच्छ होते, पण ओळख पटली नाही.

"मी लाँड्रीतली," ती म्हणाली.

आवाजावरून त्यांनी ओळखलं. "या, या. तुम्हाला नीट बघतोय तो आजच." जवळचं तर त्यांना तेव्हाही दिसायचं, हे तिच्या मनात येऊन गेलं.

ती बसली नाही. बसले तर चहा येईल आणि चहा घेतला तर बोलणं होणार नाही, असं तिला वाटलं. उभ्यानेच तिने सगळं सांगितलं, जावई, रविवार, 'कुठे बोलू नका', आणि ते 'पटतं'सुद्धा.

 थोरले म्हणाले, "तुम्हाला माहीत होतं?"

"तुम्हीच सांगितलं होतंत. बंड्या घेऊन आलात तेव्हा."

त्यांना आठवलं. ते त्यांच्या चेहऱ्यावर दिसलं, आणि मावशीने मान खाली घातली. ते खुर्चीत बसले. "फोटो राहील," ते म्हणाले. "सेक्रेटरीला मी सांगतो, आणि का राहायला हवा तेही सांगतो. तुमचं नाव सांगावं लागेल."

"सांगा."

मग त्यांनी फोन काढला. नंबर अजून होता. लावला, पण कानाला न लावता तिच्यापुढे धरला. "आधी तुम्ही बोला. मला सुरुवात करता येणार नाही."

धाकट्यांनी उचलला. मागे मुलांचा आरडाओरडा आणि शिट्टी ऐकू येत होती. मावशीने पुन्हा पहिल्यापासून सांगितलं. या वेळी वाक्यं अडखळत आली. पलीकडे ते मुलांपासून लांब चालत गेले असावेत, कारण आवाज कमी होत गेले.

"बरं केलंत सांगितलंत," धाकटे शेवटी म्हणाले. "तुमच्यावर राग नाही धरत मी. तुम्ही मला ओळखून किती ओळखणार? कपड्यांपुरती ओळख आपली."

मावशीला रडू आलं. "साहेब इथेच आहेत. त्यांना फोन देते."

"नको."

"त्यांना बोलायचंय."

"तेव्हा का नाही बोलला? एकदा विचारायचं होतं, तू सांगितलंस का म्हणून. तीस वर्षं होतो मी त्याच्या शेजारी, आणि त्याने विचारलंसुद्धा नाही. फोन देऊ नका, मावशी." आणि फोन बंद झाला.

थोरल्यांनी हात पुढे केलेलाच होता. या वेळी मावशीला खोटं बोलायचं नव्हतं. तिने ऐकलं ते जसंच्या तसं सांगितलं. त्यांनी हात मागे घेतला, गुडघ्यावर ठेवला आणि त्याच्याकडे बघत राहिले.

"त्याने दगा दिला, असं मी इतके दिवस स्वतःला सांगत होतो," ते म्हणाले. "त्यावर झोप तरी लागायची. तुम्ही आला नसतात तर बरं झालं असतं."

 तिने पिशवी उचलली, चपला पायांत सरकवल्या आणि दार हळूच ओढून घेतलं. जिना उतरताना तिला फार दिवसांनी हलकं वाटलं, छातीवरचं ओझं उतरल्यासारखं. ते ओझं आपण वर कुणाजवळ ठेवून आलो, हे तिला ठाऊक होतं. तरीही हलकं वाटायचं थांबेना, आणि इतकी लाज तिला आजवर कशाचीच वाटली नव्हती.