विनाकारण गरीब

बारामतीला बचत गटांची पथनाट्य स्पर्धा जाहीर झाली. विषय होता 'गरिबी : कारणे आणि उपाय'. पिंपळीच्या आमच्या गटात बी.ए. झालेली मी एकटीच, त्यामुळे नाटक लिहायचं काम माझ्या गळ्यात पडलं. मी हौसेनं लिहिलं आणि गटापुढं वाचून दाखवलं.

माझ्या नायिकेचा नवरा दारू प्यायचा. ते ऐकताच मेथी निवडणाऱ्या एका बाईचे हात थांबले. अध्यक्षबाई माझ्या कानाशी लागल्या, "दारू काढ. तिचा मालक म्होरंच बसणार हाय." दारू काढून मी लग्नाचा खर्च घातला. पण अध्यक्षबाईंनी नुकतंच लेकीचं लग्न डीजे लावून केलेलं. त्यांना वाटलं, त्यांच्यावरच लिहिलंय. मग दुकानदार लुबाडतो असं सुचवलं, तर किराणा दुकानवाल्या भाभी शांतपणे म्हणाल्या, "आपल्या आळीत दुकान एकच हाय." शेवटी मी नायिकेला आळशी केलं. तेव्हा आत्या, म्हणजे माझ्या सासूबाई, म्हणाल्या, "आळशी नगं. समदे तुझ्याकडंच बघतील."

कुणीतरी नशीब म्हणालं. पण नशिबावर उपाय काय सांगायचा? उपाय तर विषयातच होता. अशा रीतीनं आमची नायिका कुठल्याही कारणाशिवाय गरीब राहिली. उपायावर मात्र सगळ्यांचं एकमत झालं : तिनं बचत गटात यावं.

हा उपाय सांगायला नाटकात एक साहेब येणार होता. साहेब व्हायला चौघी तयार होत्या, भाभींनी ते काम पटकावलं. गरीब व्हायला मात्र कुणी पुढं येईना. आत्या तयार झाल्या, कारण त्या बाईला बोलायला सगळ्यात जास्त होतं. त्यांच्यासाठी मी एक विटकं लुगडं शोधून ठेवलं. पण स्पर्धेच्या सकाळी इंदापूरहून विहीणबाईंचा, म्हणजे माझ्या नणंदेच्या सासूचा, फोन आला. त्याही नाटक बघायला येणार होत्या. आत्यांनी लुगडं बाजूला सारलं. "त्यास्नी वाटंल, आमी घरात असलंच नेसतो." आणि त्या जांभळी रेशमी साडी नेसून, गळ्यात मोहनमाळ घालून निघाल्या.

नाटक सुरू झालं. आत्या मधोमध बसल्या आणि त्यांनी कपाळाला हात लावला. "काय सांगू बायांनो, मी लई गरीब हाय."

"का वो मावशी?" पुढच्या रांगेतला एक गडी म्हणाला.

याचं उत्तर मी लिहिलेलंच नव्हतं. आत्यांनी माझ्याकडं बघितलं. मी डफ घेऊन उभी होते, तो उगाच जरा वाजवला.

"त्येच तर कळंना झालंय," आत्या म्हणाल्या.

लोक हसले आणि मग ज्याला त्याला कारण सापडलं. एकजण म्हणाला मोबाईल, दुसरा म्हणाला शिक्षण न्हाय. मागून एका बाईनं विचारलं, "मालक पितोय का?"

आत्या नाटक विसरल्या. "आमचे मालक घेत न्हाईत. त्ये बघा, तितं बसल्यात." मामंजी एकदम ताठ बसले.

"शेती?"

आता विहीणबाई ऐकत होत्या. आत्यांना कमी सांगवेना. ऊस सांगितला, दोन म्हशी सांगितल्या, डेअरीला जाणारं दूध सांगितलं.

"मग गरीब कशानं?" तो गडी म्हणाला.

तेवढ्यात मागची तीच बाई उभी राहिली. "त्यातलं तुमच्या नावावर काय हाय, मावशी?"

आत्या विचारात पडल्या. खरंच विचार करत होत्या. "रेशनकार्डावर नाव हाय," त्या म्हणाल्या.

या वेळी बायका हसल्या. मामंजी मोबाईलमध्ये काहीतरी शोधू लागले. नाटक हातातून चाललंय हे बघून भाभी नवऱ्याचा शर्ट घालून वेळेआधीच घुसल्या आणि साहेबी आवाजात म्हणाल्या, "बाई, तुम्ही बचत गटात या."

"मी हायेच की, पयल्यापास्नं," आत्या म्हणाल्या.

पुढचं कुणालाच आठवेना. मी डफ वाजवून नाटक संपवलं.

परीक्षकांना वाटलं, आम्ही हे मुद्दाम बसवलंय. प्रेक्षकांना सामावून घेणारा प्रयोग म्हणून त्यांनी आम्हाला उत्तेजनार्थ बक्षीस दिलं. चहा पिताना विहीणबाईंनी आत्यांना विचारलं, "खरंच तुमच्या नावावर काय न्हाय?"

"न्हाय. तुमच्या?"

विहीणबाईंनी कप खाली ठेवला. इंदापूरची गाडी चुकंल, म्हणाल्या, आणि निघाल्या.

दोन-तीन दिवस गेले. मग एकदा जेवता जेवता मामंजी म्हणाले, "दोन्हीतली एक म्हस तुझी."

आत्यांनी त्यांच्या ताटात भाकरी वाढली. "दुधाची का आटलेली?"

मामंजी म्हणाले, "बघू."