सहा वर्षांचा बेल्ट

माझ्या मामांनी आयुष्यभर लिफ्ट दुरुस्त केल्या. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, तरी कुठल्याही इमारतीत शिरले की आधी लिफ्टचा आवाज ऐकतात, मग यजमानांकडे बघतात. आवाज पसंत पडला नाही तर जिन्याने जातात. एका लग्नात तर नवरा-नवरीला भेटण्याआधी ते हॉलच्या मॅनेजरला झापून आले होते. लग्न त्यांनी स्वतः केलं नाही. वेळच मिळाला नाही म्हणतात, सारख्या लिफ्ट बंद पडायच्या.

नोकरीत असताना त्यांचं भांडण नेहमी एकाच गोष्टीवरून व्हायचं. लिफ्टच्या दोराची मुदत संपली की मामा म्हणायचे, बदला. इमारतीतले लोक म्हणायचे, अहो, दिसायला तर चांगला आहे. यावर मामांचं उत्तर ठरलेलं.

"दिसायला मीसुद्धा चांगला आहे. माझ्या भरवशावर सहाव्या मजल्यावर लटकाल का?"

दोर बदलला जायचा. अशा माणसाने स्वतःच्या गाडीच्या बाबतीत जे केलं, ते मी डोळ्यांनी पाहिलं नसतं तर माझा विश्वास बसला नसता.

गाडी छोटीशी आहे. घेतली तेव्हा निळी होती, आता तिचा रंग कोणता यावर आमच्या घरात दोन मतं आहेत. तिला काम एकच, शुक्रवारी माझ्या आईला पोहण्याच्या तलावावर नेऊन आणायचं. आई एक्याऐंशीची, मामांची थोरली बहीण. ती त्यांना अजून 'छोट्या' म्हणते. तिचे गुडघे गेलेत, आणि डॉक्टरांनी तिला कोमट पाण्यात चालायला सांगितलंय. तलाव शहराच्या दुसऱ्या टोकाला. बसने जायचं तर दोन बस बदला आणि पुलाचे जिने चढा, म्हणजे ज्या गुडघ्यांसाठी जायचं त्यांचीच वाट लावून पोचायचं. मामांची गाडी आहे म्हणून तिचा शुक्रवार आहे.

आणि तो शुक्रवार बघण्यासारखा असतो. जमिनीवर काठीशिवाय पाऊल न टाकणारी माझी आई पाण्यात उतरली की तुरुतुरु चालायला लागते. मामा काठावरच्या बाकावर तिचा टॉवेल मांडीवर घेऊन पेपर वाचतात आणि दर पानाला ओरडतात, "ताई, सावकाश!" आई ढुंकूनही बघत नाही. आठवड्यातला हा एक तास दोघांनाही जपून ठेवावासा वाटतो. तसं बोलून मात्र कोणी दाखवत नाही.

झालं काय, ब्रेक दाखवायला मामा गॅरेजमध्ये गेले. मला पोस्टात जायचं होतं म्हणून मीही बसले गाडीत. गॅरेज एक बाई चालवते. तिला सगळे डॉक्टरीणबाई म्हणतात, कारण लांब स्क्रूड्रायव्हरचं एक टोक इंजिनाला आणि दुसरं कानाला लावून ती आजार सांगते. तिच्या वडिलांचंच हे गॅरेज. मामा तिला परकरी असल्यापासून ओळखतात.

"ब्रेक ठीक आहेत काका," ती म्हणाली. "टायमिंग बेल्ट कधी बदललाय?"

"बदललाय की! तुझ्या बाबांनीच बदलला."

"बाबांना घरी बसून आठ वर्षं झाली, काका. बेल्टची मुदत सहाची."

"अगं, पण गाडी चाललीये कुठे? घर ते तलाव, तलाव ते घर."

"रबर नुसतं बसूनही म्हातारं होतं."

तिने मला समजेल असं सांगितलं. इंजिनाचा वरचा भाग आणि खालचा भाग एका तालात फिरायला हवेत, आणि तो ताल सांभाळतो हा रबरी बेल्ट. तो चालू गाडीत तुटला की आतले भाग एकमेकांवर आदळतात. आधी काही आवाज येत नाही, दिवा लागत नाही, तिच्या स्क्रूड्रायव्हरलाही कळत नाही. मग तिने इंजिनावरचं झाकण काढून टॉर्च मारला. मामांनी वाकून, चष्मा वर-खाली करून पाहिलं.

"दिसायला तर चांगला आहे," मामा म्हणाले.

मी त्यांच्याकडे बघतच राहिले. त्यांच्या मात्र काही लक्षात आलं नव्हतं.

"तुटला तर इंजिन गेलं," डॉक्टरीणबाई म्हणाली. "या वयाच्या गाडीला नवं इंजिन कोणी घालत नाही, सरळ भंगारात जाईल. आता बदललात तर सहा वर्षं बघायला नको. पण वर्षभरात गाडी काढून टाकणार असाल तर मीच म्हणेन, नका खर्च करू. बोला, अजून किती वर्षं चालवणार?"

मामांनी रुमाल काढून चष्मा पुसला. चष्मा स्वच्छ होता.

"बघू," ते म्हणाले.

परतताना सिग्नलला थांबल्यावर मामा म्हणाले, "सहा वर्षांनी मी ऐंशीचा होईन."

"मग?"

"चौऱ्याहत्तराव्या वर्षी पुढच्या सहा वर्षांची तजवीज करायची म्हणजे जरा आगाऊपणा नाही का?"

प्रश्न विचारला होता गाडीबद्दल, आणि हे स्वतःचं वय मोजत बसले होते. त्यांची नजर, हात, पाय सगळं जागेवर होतं. नुकतीच तपासणी होऊन गाडी चालवायचा परवानाही वाढवून मिळाला होता. मी हे सगळं बोलून दाखवलं, तर म्हणाले, "परवाना देणाऱ्याचं काय जातंय!"

पुढचे काही आठवडे मामांनी जो प्रकार केला त्याला तोड नाही. बेल्ट बदलायचा नाही, पण त्याला त्रासही द्यायचा नाही. गाडी सुरू करताना बॉनेटवर हात ठेवून तिला धीर द्यायचे. हमरस्ता सोडून गल्लीबोळातून जायचे, चढ आला की श्वास रोखून धरायचे. एकदा त्यांच्या टेबलावर मला बसचं वेळापत्रक सापडलं. त्यात तलावाकडच्या बसखाली पेन्सिलीने रेघ मारलेली होती. त्यांनी मनात गाडी काढून टाकली होती आणि माझ्या आईला पत्ताच नव्हता. मला त्यांचा राग आला, आणि त्याहून जास्त वाईट वाटलं.

अशाच एका शुक्रवारी मला सुट्टी होती, म्हणून मीही मागच्या सीटवर होते. आईने तेव्हा नुकतीच नवी कवळी केली होती आणि ती दाखवायला सारखी हसत होती. जरा वेळाने तिने खिडकीबाहेर पाहिलं.

"छोट्या, आपण त्या सायकलवाल्याच्या मागे का चाललोय?"

"सावकाश चाललोय, ताई."

"सावकाश? मघाशी एक बाई कुत्रं घेऊन आपल्या पुढे गेली."

मग मीच तोंड उघडलं आणि बेल्टचं सगळं सांगून टाकलं. सहा वर्षांचं, भंगाराचं, बसच्या वेळापत्रकाचंसुद्धा. आरशातून मामांनी माझ्याकडे असं पाहिलं की मला माझी शाळा आठवली.

आईने सगळं ऐकून घेतलं.

"मला हे दात करून देणारा डॉक्टर म्हणाला, आजी, दहा वर्षं काळजी नाही. मी काय म्हणाले असेन?"

"काय?"

"म्हटलं, दहा वर्षांनी तुम्ही इथेच असाल ना? नाहीतर आत्ताच दुसऱ्या कोणाचा पत्ता देऊन ठेवा."

मामांना हसू आवरेना. गाडी आणखीच हळू झाली.

"हसतोस काय? मी एक्याऐंशीची दहा वर्षांचे दात घेऊन बसलेय, आणि तुला सहा वर्षांचा बेल्ट जड झाला? लोकांच्या लिफ्टचे दोर बदलताना त्यांची वयं विचारायचास का रे?"

मामांचं हसू थांबलं. पुढच्या चौकात तलावाकडे डावीकडे वळायचं असतं. मामा उजवीकडे वळले.

गॅरेजमध्ये दिवस गेला. डॉक्टरीणबाईने बेल्ट मागवला. त्याच्यासोबतच बदलायचा म्हणून पाण्याचा पंपही मागवला. आई टॉवेलची पिशवी मांडीवर घेऊन प्लास्टिकच्या खुर्चीत बसली आणि कामगारांना दात दाखवत राहिली. संध्याकाळी जुना बेल्ट मामांच्या हातात आला. त्यांनी तो उलटा वाकवला. पाठीवर दोन-चार बारीक रेषा, बाकी धडधाकट.

"अजून वर्षभर चालला असता की," मला राहवलं नाही.

"चालला असता," मामा म्हणाले. त्यांचा जुना, सोसायटीच्या मीटिंगमधला आवाज परत आला होता. "किंवा पुढच्या शुक्रवारी ताईला घेऊन पुलावर अडकलो असतो. मी उतरवलेले निम्मे दोर चांगलेच निघायचे. चांगला असतानाच उतरवायचा असतो, समजलं?"

मी मान डोलावली. माझा जीव भांड्यात पडला होता.

डॉक्टरीणबाईची एक पद्धत आहे. बेल्ट बदलला की बॉनेटच्या आत एक स्टिकर लावायचा, त्यावर पुढचा बेल्ट बदलायची तारीख. ती सहा वर्षांनंतरची तारीख लिहायला लागली, तसे मामा तिच्या खांद्यावरून वाकले.

"त्या दिवशी वार कोणता येतो ते बघ."

तिने फोनमध्ये पाहिलं. "शुक्रवार, काका."

"मग गुरुवारची तारीख घाल," मामा म्हणाले. "शुक्रवारी ताईला पोहायला न्यायचं असतं."